जंगल मोजायला निघताय? आधी टेप घ्या, मग ड्रोन

पहिल्यांदा ड्रोन उडवला तो कोल्हापूर जिल्ह्याच्या भुदरगड तालुक्यातल्या एका देवराईवर. फोटो झकास आले. संध्याकाळी पारावर लॅपटॉप उघडून गावकऱ्यांना दाखवत बसलो, तर एका आजोबांनी दोन मिनिटं बघितलं आणि विचारलं, "ह्यात अंजनी कुठं हाय?" अंजनी कुठेच नव्हती. राईत ती भरपूर होती, पण जांभळाच्या सावलीत वाढणारं हे बुटकं झाड. ड्रोनने जांभळाचे शेंडे टिपले आणि खालची अख्खी अंजनी गाळली. घराचं छप्पर बघून आत माणसं किती ते सांगायला निघालो होतो मी.

त्या फजितीनंतर जे शिकलो ते इथे मांडतो आहे. कॉलेजचा प्रकल्प असो, गावच्या जैवविविधता समितीचं काम असो किंवा नुसती हौस, राधानगरी, आजरा, चंदगड, शाहूवाडी या पट्ट्यातलं एखादं जंगल उपग्रह, ड्रोन आणि इतर यंत्रांनी मोजायचं असेल तर कुठून सुरुवात करायची, एवढाच विषय. क्रम मात्र पाळा. बहुतेकजण आधी ड्रोन घेतात आणि मग त्याला काम शोधतात.

१. प्रश्न एका ओळीत लिहा

"जंगलाचा सर्व्हे करायचाय" एवढ्यावर काम सुरू होत नाही. "यंदाच्या वणव्यात किती गुंठे जळालं?" याला उपग्रह पुरतो. "दहा वर्षांत राईची कड किती आत सरकली?" यालाही पुरतो. "या कक्षात (वनविभागाने आखलेल्या जंगलाच्या तुकड्यात) हेक्टरी आईन किती आणि किंजळ किती?" याला पायपीट लागते, ड्रोन मदतनीस. "खाली नवी रोपं येताहेत की रानमोडीच्या तणाने सगळं गिळलंय?" याला तर वरून उत्तरच मिळत नाही, वाकून बघावं लागतं.

आवाक्याचाही हिशोब करा. राधानगरी अभयारण्य सुमारे ३५१ चौरस किलोमीटर, म्हणजे ३५ हजार हेक्टरांच्या वर. एका बॅटरीत २० हेक्टर उरकले असं धरलं तरी सगळ्यासाठी पावणेदोन हजार बॅटऱ्या लागतील. म्हणून सगळं जंगल उपग्रहाने, त्यातले निवडक तुकडे ड्रोनने आणि त्या तुकड्यांतले मोजके चौकोन माणसांनी मोजायचे. सगळी पद्धत या उतरंडीवर उभी आहे.

२. घरबसल्या पहिला महिना

लागतो एक बरा लॅपटॉप आणि क्यूजीआयएस हे नकाशे बनवायचं फुकट सॉफ्टवेअर. उपग्रहाची चित्रंही फुकट मिळतात. अमेरिकेच्या लँडसॅट मालिकेतला पहिला उपग्रह १९७२ साली गेला आणि २००८ पासून तिचा सगळा साठा मोफत झाला; तिच्या आताच्या चित्रातला एक ठिपका (पिक्सेल) जमिनीवर ३० मीटरचा. युरोपच्या सेंटिनेल-२ चा ठिपका १० मीटरचा, चित्रं २०१५ पासूनची, आणि दोन उपग्रह मिळून साधारण दर पाच दिवसांनी एक फेरी. कॉपर्निकस ब्राउझर या युरोपच्या संकेतस्थळावर खातं उघडलं की ती उतरवता येतात. उतरवायची नसतील तर गुगल अर्थ इंजिनवर तिथल्या तिथे काम होतं. बिगरव्यावसायिक वापराला पैसे पडत नाहीत.

ठिपक्याचा आकार डोक्यात बसवायला आपल्याकडे सोपं माप आहे. १० मीटर बाय १० मीटर म्हणजे जवळजवळ एक गुंठा. सेंटिनेलचं एक टिंब म्हणजे एक गुंठा, लँडसॅटचं म्हणजे नऊ. एका गुंठ्यात एक मोठा जांभूळ आरामात मावतो, त्यामुळे सुटं झाड ओळखायची आशा इथे धरू नका. राई, कड, पट्टा, जळालेला डाग, एवढं दिसतं, आणि तेवढं बऱ्याच कामांना पुरतं.

सुरुवातीलाच प्रोजेक्शन, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची पद्धत, नीट लावा. कोल्हापूर जिल्हा यूटीएमच्या ४३ उत्तर पट्ट्यात येतो. क्यूजीआयएसमध्ये त्याचा क्रमांक ईपीएसजी ३२६४३ निवडायचा. ते न करता अक्षांश-रेखांशातच क्षेत्रफळ काढायला गेलात तर उत्तर 'चौरस अंशां'त येतं आणि आकडा बघून डोकं गरगरतं. जुने सर्व्हे ऑफ इंडियाचे नकाशे हाताशी असतील तर दाजीपूरची बाजू ४७ एच मध्ये आणि कोल्हापूर शहराची ४७ एल मध्ये सापडेल. ओढ्यांची, धनगरवाड्यांची, सड्यांची (डोंगरावरच्या कातळ पठारांची) नावं त्या कागदावर जशी मिळतात तशी कुठल्याही ॲपवर मिळत नाहीत.

मग हिरवेपणा मोजायचा. जिवंत पान लाल प्रकाश खातं आणि आपल्या डोळ्याला न दिसणारा जवळचा अवरक्त प्रकाश परत फेकतं. अवरक्तातून लाल वजा करायचं आणि त्या दोघांच्या बेरजेने भागायचं, झाला एनडीव्हीआय. समजा अवरक्त ०.४० आणि लाल ०.०४ आलं, तर ०.३६ भागिले ०.४४, म्हणजे सुमारे ०.८२. दाट हिरवं. उघड्या कातळाचा आकडा शून्याच्या थोडाच वर राहतो. सेंटिनेलमध्ये लाल म्हणजे चौथा पट्टा (बँड), अवरक्त म्हणजे आठवा. वणव्याचा डाग काढायचा तर लालच्या जागी बारावा पट्टा घ्या आणि आगीच्या आधीची व नंतरची किंमत वजा करा. फक्त त्या पट्ट्याचा ठिपका २० मीटरचा, म्हणजे चार गुंठ्यांचा.

एक खड्डा आधीच दाखवून ठेवतो, कारण मी त्यात पडलोय. २५ जानेवारी २०२२ पासून सेंटिनेल-२ च्या आकड्यांत १००० ची भर घालून ते दिले जातात. हे माहीत नसताना जुनं आणि नवं चित्र शेजारी ठेवलं तर जंगल एका रात्रीत बदलल्यासारखं दिसतं. नवीन आकड्यातून १००० वजा करा, किंवा अर्थ इंजिनमध्ये 'हार्मोनाइज्ड' असा शब्द असलेला संच घ्या.

आता महिन्यांचं गणित. जून ते ऑक्टोबर ढग. गगनबावड्याच्या पावसात साध्या कॅमेऱ्याच्या उपग्रहाला काही दिसत नाही. तेव्हा ढगांतून बघणारं रडार लागतं: सेंटिनेल-१, किंवा इस्रो आणि नासाने ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून सोडलेला निसार. नवख्याने रडारच्या वाटेला पहिल्या वर्षी जाऊ नये असं माझं मत. नोव्हेंबरच्या चित्रात सगळंच हिरवं: गवत, झुडूप, झाड, भाताचा खोडवा. फेब्रुवारी-मार्चमध्ये गवत वाळतं, आईन, नाणा, हिरडा पानं गाळायला लागतात, आणि सदाहरित राई तेवढी गडद राहते. म्हणून एक चित्र नोव्हेंबर-डिसेंबरचं आणि एक मार्चचं, अशी जोडी घ्या. दोन्हीत हिरवं ते सदाहरित. पहिल्यात हिरवं आणि दुसऱ्यात फिकं ते पानगळीचं किंवा गवत. डिसेंबरच्या चित्रात एक दोष असतो: उपग्रह सकाळी साडेदहाच्या सुमारास जातो, सूर्य आग्नेयेला खाली, त्यामुळे कोकणाकडे तोंड केलेले कडे सावलीत बुडालेले असतात. तिथले आकडे बाजूला ठेवा.

"दोन्हीत हिरवं ते सदाहरित" हे वाचून कोल्हापूरकराने हसायला हवं होतं, कारण ऊसही दोन्हीत हिरवा. भोगावती आणि तुळशीच्या खोऱ्यातल्या उसाचा एनडीव्हीआय दाजीपूरच्या राईच्या तोडीस तोड येतो. सुटका एकच: दोन तारखांवर न थांबता वर्षभराच्या सगळ्या स्वच्छ तारखांचा आलेख काढा. राईची रेघ वर्षभर जवळजवळ सपाट राहते. उसाची रेघ तोडणीच्या दिवशी कड्यावरून पडल्यासारखी खाली येते आणि मग हळूहळू चढते. एकदा ती घसरण डोळ्यात बसली की लांबूनच ऊस ओळखाल.

आजरा-चंदगडकडे हीच भानगड काजू घालतो, आणि काजूला तोडणी नाही. वर गंमत अशी की सरकारी व्याख्येत काजूची बागही बसते. डेहराडूनचं भारतीय वन सर्वेक्षण १९८७ पासून साधारण दर दोन वर्षांनी वनस्थितीचा अहवाल काढतं. त्यात एक हेक्टरच्या वरचा आणि ज्यावर किमान १० टक्के झाडांचं छत्र आहे असा कुठलाही तुकडा 'वनाच्छादन' धरला जातो. जमीन कुणाची, झाड कुठलं, हा प्रश्न त्यात येत नाही. ७० टक्क्यांच्या वर छत्र ते अतिदाट, ४० ते ७० मध्यम, १० ते ४० विरळ. त्यामुळे राई तुटून तिथे निलगिरी किंवा ऑस्ट्रेलियन बाभूळ उभी राहिली तरी आकडा जागचा हलत नाही. अहवाल चुकीचा आहे असं मी म्हणत नाही, तो जे मोजतो म्हणतो तेच मोजतो. वाचताना आपण 'जंगल' असा अर्थ लावतो, ती आपली घाई.

वणव्याचे ठिपके फुकट दाखवणारी नासाची फर्म्स नावाची सेवा आहे. त्यातला व्हीआयआयआरएस या उपग्रहावरच्या यंत्राचा ठिपका ३७५ मीटरचा, म्हणजे सुमारे ३५ एकर. एका मार्चमध्ये मी त्यावर लाल ठिपका बघून दुचाकी काढून पळालो, तर शेतकरी निवांत पाचट जाळत बसला होता. आपल्या जिल्ह्यात उसाचा हंगाम संपेपर्यंत असले ठिपके पैशाला पासरी. जंगलाच्या हद्दीचा थर वर टाकून आतले तेवढेच बघा.

३. परवानग्या

हा भाग कंटाळवाणा आहे, पण टाळला तर बाकी सगळं वाया. जमीन कुणाची ते आधी बघा: वनविभाग, महसूल, देवस्थान की खाजगी. देवराई असेल तर सातबारा काढून बघितल्याशिवाय गृहीत काही धरू नका. अभयारण्यात संशोधनासाठी जायचं तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. आपल्या राज्यात ते कार्यालय नागपूरला. अर्जात ड्रोनचा उल्लेख वेगळा आणि ठळक करा. नवख्याला माझा सल्ला, पहिलं वर्ष अभयारण्याबाहेरच्या राईवर किंवा स्वतःच्या डोंगरावर काढा.

उडवण्याचे नियम वेगळे. २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो, मग २५ किलोपर्यंत स्मॉल अशी वर्गवारी आहे. बिगरव्यावसायिक कामासाठी नॅनो-मायक्रो उडवायला पायलट सर्टिफिकेट लागत नाही. पैसे घेऊन काम करायचं तर मायक्रोलाही लागतं. हिरव्या क्षेत्रात, म्हणजे जिथे आधी परवानगी मागावी लागत नाही तिथे, ४०० फुटांपर्यंत, म्हणजे १२० मीटरपर्यंत मुभा. विमानतळापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ती २०० फुटांवर येते, आणि त्याहून जवळ विचारल्याशिवाय नाही. आपला विमानतळ उजळाईवाडीचा, त्यामुळे कोल्हापुरात गच्चीवरून सराव करायचा बेत असेल तर आधी सरकारचा डिजिटल स्काय नकाशा उघडा. नियम मधूनमधून बदलतात, निघायच्या आठवड्यात पुन्हा बघा.

आणि बीटच्या, म्हणजे त्या गस्तीच्या हद्दीच्या, वनरक्षकाला आदल्या दिवशी फोन. कागद कितीही पक्का असला तरी हा फोन करायचाच. गवा कुठे बसलाय, हत्ती कुठल्या बाजूला आलाय, आग्या मोहोळ कुठल्या कड्याला लागलंय, हे त्यांना माहीत असतं.

४. जमिनीवरचे दहा गुंठे

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. माझ्या अंदाजाने दहा दिवसांतले सहा.

३१.६२ मीटर बाजूचा चौकोन आखा. त्याचं क्षेत्रफळ ०.१ हेक्टर, म्हणजे जवळपास दहा गुंठे. कोपरे काटकोनात आहेत का ते कर्णाने तपासा, ४४.७२ मीटर यायला हवा. मापं सपाटीवरची धरायची. ३० अंशांच्या उतारावर उताराच्या दिशेने टेप ३६.५ मीटर सोडावी लागते, तेव्हा वरून पाहताना ३१.६२ होते. सह्याद्रीत हे विसरलात तर चौकोन सव्वा गुंठ्यापेक्षाही जास्त कमी भरतो आणि हेक्टरी झाडांचा हिशोब कोसळतो.

चौकोन कुठे आखायचे ते पायवाटेवरून ठरवू नका. वाटेजवळचं जंगल नेहमी विरळ, तोडलेलं, चरलेलं असतं. क्यूजीआयएसला हद्दीच्या आत सोडतीने बिंदू टाकायला सांगा आणि जिथे पडतील तिथे जा. एखादा बिंदू करवंदीच्या जाळीत पडेल, एखादा घळीत. कड्यावर पडला तर सोडून द्या आणि सोडला असं वहीत लिहा.

चौकोनातल्या ३० सेंटिमीटरच्या वर घेर असलेल्या प्रत्येक झाडाचा घेर मोजायचा, जमिनीपासून १.३७ मीटरवर, म्हणजे साडेचार फुटांवर. उतारावर झाडाच्या वरच्या अंगाला उभं राहून मोजा. त्या उंचीच्या खालीच खोड दुभंगलं असेल तर दोन झाडं लिहा. वेल असेल तर टेप वेलाच्या आतून घ्या. १.३७ मीटरची काठी कापून सोबत ठेवा. "इथे छातीपर्यंत येतं" म्हणून मोजणाऱ्या दोन मित्रांच्या छात्यांत अर्ध्या फुटाचा फरक असतो.

उंचीसाठी मोबाइलमधलं कोन मोजायचं ॲप चालतं. शेंडा ४५ अंशांत दिसेपर्यंत मागे सरका; सपाट जमिनीवर झाडापासूनचं तुमचं अंतर अधिक डोळ्यांची उंची म्हणजे झाडाची उंची. वीस मीटर मागे आणि डोळे १.६ मीटरवर, तर २१.६. दाट राईत शेंडाच दिसत नाही, तिथे ड्रोन पुढे उपयोगी पडेल.

झाडाचं नाव स्थानिक माणसाकडून घ्या, पान-साल-फळाचा फोटो काढा, शास्त्रीय नाव घरी येऊन लावा. आमच्याबरोबर आलेले एक वनमजूर काका सालीवर नख मारून वास घेत आणि नाव सांगत. मोबाइलच्या झाड-ओळख ॲपने त्याच दिवशी कुंभ्याला तीन वेगवेगळी नावं दिली.

चौकोनाची जागा नोंदवणं ही खरी डोकेदुखी. दाट छत्राखाली फोनचा जीपीएस सहज दहा मीटर इकडेतिकडे जातो, म्हणजे उपग्रहाचा पूर्ण एक ठिपका. उपाय दोन. एक, शेजारच्या मोकळ्या सड्यावर फोन दहा-पंधरा मिनिटं एका जागी ठेवून सरासरी घ्यायची आणि तिथून टेप व होकायंत्राने आत यायचं. दुसरा मला जास्त आवडतो: वरून ठळक दिसणारं एखादं झाड खूण म्हणून धरायचं. फेब्रुवारी-मार्चमध्ये पांगारा आणि सावर पानं टाकून लाल फुलतात. वरून ते असे दिसतात की शोधावं लागत नाही. त्याच्या बुंध्यापासून चौकोनाच्या कोपऱ्यापर्यंत अंतर आणि दिशा लिहिली की काम झालं.

५. उड्डाण

ड्रोन जंगलावर एका रेषेत जातो, ठराविक अंतराने फोटो काढतो, वळतो, शेजारच्या रेषेने परत येतो. एकाच पानाचा फोटो अनेक कोनांतून मिळाला तरच सॉफ्टवेअरला त्याची उंची काढता येते. म्हणून फोटो एकमेकांवर चढले पाहिजेत. शेतीच्या सर्व्हेला ७० टक्के पुरतात. जंगलाला पुढे-मागे ८५ आणि शेजारच्या रेषेशी ८० च्या आसपास ठेवा, कारण पानं हलतात आणि सगळीकडे सारखाच हिरवा रंग.

पण ॲपमध्ये ८० टाकलं म्हणून ८० मिळत नाहीत. साधा हिशोब दाखवतो. एक इंची सेन्सरचा, ८.८ मिलिमीटर भिंगाचा कॅमेरा १२० मीटरवरून १८० मीटर रुंद पट्टा टिपतो आणि एक पिक्सेल ३.३ सेंटिमीटरचा येतो. फोटोंची एकमेकांवर ७५ टक्के चढण हवी म्हणून ॲपने रेषांमध्ये ४५ मीटर अंतर ठेवलं. खाली २५ मीटर उंचीची राई आहे, म्हणजे शेंडे कॅमेऱ्यापासून ९५ मीटरवरच. तिथे पट्टा १४२ मीटरचा आणि चढण ६८ टक्के. आता डोंगर उड्डाणाच्या जागेपेक्षा ६० मीटर चढला. शेंडे ३५ मीटरवर आले, पट्टा ५२ मीटरचा आणि चढण उरली १४ टक्के. घरी आल्यावर नकाशात नेमक्या त्या जागी भोक पडलेलं. तुम्ही परत राधानगरीच्या एसटीत.

म्हणून डोंगराच्या चढ-उताराप्रमाणे उंची बदलणारी सोय ॲपमध्ये चालू करा. ती ज्या उंची-नकाशावर चालते तो बहुधा ३० मीटर ठिपक्याचा असतो, त्यावर डोळे मिटून विसंबू नका. शेंड्यांपासून किमान ४० मीटर मोकळे ठेवा. आणि उड्डाण खालून नको, वरच्या सड्यावरून करा. मात्र परतीची चढण धरून बॅटरी राखा, ती संपत आल्यावर चढण चढून परत येणाऱ्या ड्रोनकडे बघत बसणं फार वाईट असतं. कागदावर तीस मिनिटांची बॅटरी घाटमाथ्याच्या वाऱ्यात वीसच्या आत उतरवायची.

वेळ सकाळी धुकं विरल्यावर ते दुपारपर्यंत. पातळ ढगाची झाकोळ मिळाली तर सोनं, सावल्या पडत नाहीत. दुपारनंतर कोकणातून वारा कडा चढून येतो आणि ड्रोनला वर फेकतो. पक्ष्यांकडे लक्ष ठेवा. घार किंवा काळा गरुड घिरट्या घालायला लागला तर हट्ट करू नका, ड्रोन उतरवा. धनेशाच्या विणीच्या काळात, साधारण जानेवारीपासून उन्हाळ्यापर्यंत, त्याच्या ढोलीच्या झाडाजवळ जाऊच नका. आग्या मोहोळाबद्दल वेगळं सांगायला नको. ज्याने एकदा अनुभव घेतलाय तो पंख्याचा आवाज आयुष्यभर जपून वापरतो.

जमिनीवर वरून दिसतील अशा पाच-सहा खुणा ठेवून त्यांची जागा चांगल्या जीपीएसने मोजली तर नकाशा जागेवर बसतो. फुटबॉलच्या मैदानावर मारतात ती फक्की गावच्या माळावर चालेल. जंगलात मात्र पांढऱ्या पोत्याचे तुकडे दगडाने दाबून ठेवा, आणि मोजून तेवढेच परत आणा.

६. फोटोंतून उंची

फोटो वेबओडीएम या फोटो जोडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाका, हेही फुकट. मशीनला रात्रभर काम करू द्या, लॅपटॉप गादीवर ठेवू नका. बाहेर तीन गोष्टी येतात: जोडलेला एकसंध फोटो, बिंदूंचा ढग आणि पृष्ठभागाच्या उंचीचा नकाशा. फोटो जुळत नसतील तर प्रत्येक फोटोतून शोधायच्या खुणांची संख्या वाढवून बघा.

झाडाची उंची म्हणजे शेंड्याची उंची वजा जमिनीची उंची. शेंडे ड्रोनने दिले. जमीन? दाट राईत ती एकाही फोटोत नाही. सॉफ्टवेअर मग मोकळ्या जागांमधून अंदाजाने जमीन ताणून बसवतं, आणि घळ असेल तिथे दहा मीटर चुकतं. पानगळीच्या जंगलात मार्चअखेर उडवून जमीन मिळवता येते आणि मग पावसाळ्यानंतरच्या उड्डाणातले शेंडे त्यातून वजा करता येतात. सदाहरित राईत ही युक्ती चालत नाही. फुकटचे ३० मीटरचे जागतिक उंची-नकाशेही बहुतेक रडारवर बनलेले, त्यात झाडांची उंची मिसळलेली असते. तिथे लायडार हे लेझरने मोजणारं यंत्र लागतं.

जाती ओळखायला मात्र साधा फोटो पुष्कळ देतो, तारीख नीट निवडली तर. डिसेंबर-जानेवारीत किंजळ तांबूस पंखवाल्या फळांनी मढलेला असतो. फेब्रुवारीत पांगारा, सावर. एप्रिल-मेमध्ये बहावा पिवळा. तीन तारखांचे तीन फोटो एकमेकांवर ठेवले की महागड्या कॅमेऱ्याच्या एका फोटोपेक्षा जास्त झाडं नावाने सापडतात.

७. छत्राखाली जाणारी यंत्रं

लायडार म्हणजे लेझरचा ठोका सोडायचा आणि तो परत यायला लागलेल्या वेळावरून अंतर काढायचं. लाखो ठोक्यांतले काही पानांच्या फटींतून खाली पोचतात आणि जमीन सापडते. अंतराळ स्थानकावर २०१८ च्या अखेरीस बसवलेलं गेडी हे यंत्र याच तत्त्वावर चालतं. त्याचा एक ठोका २५ मीटर व्यासाचा, म्हणजे पाच गुंठ्यांवर पडणारा, आणि त्यातून झाडांची उंची मिळते. सलग नकाशा मिळत नाही, तुरळक ठसे मिळतात, पण तेही मोफत. ड्रोनवरचं लायडार विकत घ्यायच्या फंदात पडू नका. एखाद्या संस्थेकडे असेल तर एका दिवसासाठी त्यांना सोबत घ्या.

हातात धरून चालायचे स्कॅनरही आले आहेत. अनोळखी वाड्यात अंधारात भिंती चाचपत गेलं की मनात नकाशा तयार होतो, तसं हे यंत्र चालता चालता खोडं बघून आजूबाजूचा नकाशाही बनवतं आणि त्यात आपण कुठे आहोत तेही ठरवतं. जीपीएस लागत नाही. फक्त फेरी जिथून सुरू केली तिथेच संपवा, म्हणजे वाटेत साठलेली चूक त्याला पकडता येते. काही फोनमध्येही छोटं लायडार असतं, पल्ला पाचेक मीटर. खोडाचा घेर मोजायला पुरतो, पण तेवढ्यासाठी दर्जीची टेप स्वस्त.

चारपायी यंत्रमानवांबद्दल मुलं हमखास विचारतात. झुरिचच्या ईटीएच विद्यापीठातून निघालेला एनिमल नावाचा चारपायी युरोपातल्या जंगलांत स्कॅनर पाठीवर घेऊन चालवून पाहिला गेला आहे. तिथली बरीच जंगलं लावलेली, रांगेतली, खाली मोकळी. आपल्या कारवीच्या रानात, मुळांत आणि निसरड्या जांभ्यावर तो किती टिकेल याबद्दल मी साशंक आहे. त्याच विद्यापीठाशी जोडलेल्या संशोधकांनी २०२३ मध्ये फांदीवर टेकून तिथला डीएनए चिकटपट्टीवर घेऊन येणारा ड्रोन दाखवला. तो मला जास्त कामाचा वाटतो, कारण शेंड्यावर कोण राहतं ते आपल्याला खालून कळत नाही. २०२४ मध्ये ब्राझीलच्या वर्षावनात एक्सप्राइझ स्पर्धेची अंतिम फेरी झाली. १०० हेक्टर जंगलातली जीवसृष्टी २४ तासांत यंत्रांनी टिपायची आणि पुढच्या ४८ तासांत निष्कर्ष द्यायचे, अशी अट होती. ड्रोन, आवाज टिपणारी यंत्रं, डीएनए, सगळं वापरूनही नावं पक्की करायला शेवटी माणसं लागलीच.

उष्णता टिपणारा कॅमेरा लावून गवे मोजावेत ही कल्पना सगळ्यांना सुचते. सड्यावर, पहाटे, ती चालते. राईच्या आत पानं उष्णता अडवतात आणि गवा दिसत नाही. बुद्धपौर्णिमेची मचाणावरून प्राणी मोजायची रात्र अजून मोडीत निघालेली नाही.

८. जुळणी आणि हिशोब

समजा तीस चौकोन मोजलेत. त्यातले वीस वापरून उपग्रहाच्या आकड्यांची आणि जमिनीवरच्या झाडांची सांगड घाला. उरलेले दहा झाकून ठेवा. मग नकाशा त्या दहा ठिकाणी काय म्हणतो ते काढा आणि वहीशी ताडून बघा. दहापैकी किती जमले आणि जे फसले ते कशामुळे, हे अहवालाच्या पहिल्या पानावर लिहा. माझ्या पहिल्या नकाशात काजूच्या दोन बागा 'मध्यम दाट सदाहरित' म्हणून बसल्या होत्या. ते लिहिलं म्हणून कुणी नावं ठेवली नाहीत. उलट एका शेतकऱ्याने येऊन तिसरी दाखवली.

दाट राईत एनडीव्हीआय ०.८ च्या पुढे फारसा सरकत नाही, मग झाडी कितीही वाढो. तिथे दाटीचे वर्ग त्याच्यावरून पाडू नका, गेडीची उंची किंवा सेंटिनेलचे लाल आणि अवरक्ताच्या मधले पट्टे जोडीला घ्या. कार्बनचा आकडा कुणी मागितला तर घेर आणि उंचीवरून त्या जातीच्या सूत्राने वजन काढतात आणि सुक्या वजनाच्या सुमारे ४७ टक्के कार्बन धरतात. सूत्र दुसऱ्या प्रदेशातलं वापरलं असेल तर तसं लिहा.

चौकोनांच्या कोपऱ्यांना दगड पुरून ठेवा आणि वहीत खुणेच्या झाडाचं चित्र काढा, म्हणजे दोन वर्षांनी तोच चौकोन सापडेल. फाइलच्या नावात तारीख आणि कक्ष क्रमांक घाला. 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल खरं' असली नावं मी भोगली आहेत. पावसाच्या आधी बॅटऱ्या निम्म्या चार्जवर आणून कोरड्या डब्यात बंद करा. आणि नकाशाच्या दोन मोठ्या छापील प्रती काढून प्लॅस्टिकच्या आवरणात घाला, गावातली ओढ्यांची आणि राईंची नावं त्यावर लिहून: एक गावाला, एक बीटच्या वनरक्षकाला. जूननंतर घाटात ना नेटवर्क असतं ना कोरडा कागद.